वाटीतले पाव

परवा सूनबाईनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हे बघा, न मळता पाव. नवीनच निघालंय." कुणी एक बाई काचेच्या वाडग्यात मैदा, पाणी आणि यीस्ट चमच्यानं कालवत होती आणि मोठा शोध लावल्यासारखी हसत होती. मी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हटलं, "हे नवीन असेल तर मी अजून पाळण्यात असायला हवी." सूनबाईला वाटलं, सासू नेहमीसारखी तिरकस बोलतेय. बोलतेच मी तिरकस. तीस-बत्तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली की जीभ सरळ राहत नाही. पण त्या दिवशी मला खरं तर रडू येत होतं, आणि माझं रडू आधी अशा बोलण्यातूनच बाहेर पडतं. ती आत गेल्यावर मी माझ्या बोटांकडे बघत बसले. संधिवातानं तीही आता वाकडी झाली आहेत, आणि दिवसेंदिवस ती आईच्या बोटांसारखी दिसायला लागली आहेत.

आम्ही तेव्हा पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या मागच्या अंगाला राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीच्या तोंडाशी पाणी तापवायचा तांब्याचा बंब. दादा, म्हणजे माझे वडील, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याची बस पहाटे सव्वासहाला नाक्यावर यायची आणि ती कुणासाठी थांबायची नाही. त्यामुळे आमचं घर घड्याळावर नव्हे, त्या बसवर चालायचं. पहाटे पाचला आईची परात जमिनीवर ठक ठक वाजायला लागायची. कणीक मळताना ती मुठीनं असा जोर लावायची की परात सरकून भिंतीला टेकायची, मग आई ती पुढे ओढायची, की पुन्हा ठक ठक. दादा त्या आवाजानं उठायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू त्या आवाजात आणखी थोडं झोपून घ्यायचो. आईच्या पोळीला चार पदर सुटायचे आणि दादांच्या डब्यात दुपारीसुद्धा ती रुमालासारखी मऊ असायची. कारखान्यातली माणसं आपापला डबा सोडून दादांची पोळी मागायची. हे दादा घरी येऊन सांगायचे तेव्हा आई काही बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यात दोन पोळ्या जास्त असायच्या.

माझं मॅट्रिकचं वर्ष सुरू झालं आणि श्रावणात आई स्टुलावरून पडली. माळ्यावरचा पापडाचा डबा काढत होती. पापड वाचले, उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं, तोवर सगळ्यांना वाटत होतं की प्लास्टर निघालं की सगळं पहिल्यासारखं होईल. प्लास्टर निघालं तेव्हा आत वाळलेल्या काटकीसारखा हात होता. मनगट एका बाजूला कललेलं आणि बोटं अर्धवट मिटलेली. मूठ काही वळेना. डॉक्टर म्हणाले, एवढंच होणार, नशीब समजा. आईला लिंबू पिळता येईना, पदर खोचता येईना, नंदूच्या चड्डीचं बटण लावता येईना. कणीक तर दूरच. पहिल्या दिवशी तिनं कुणाला न सांगता डाव्या हातानं मळून बघितली. परात सरकत सरकत दारापर्यंत गेली आणि तिला ती मागे ओढता आली नाही. मी उठून आले तेव्हा आई पाटावर बसली होती आणि परात तिकडे उंबऱ्याशी होती.

तेव्हापासून पोळ्या कायमच्या माझ्याकडे आल्या. साडेचारला उठायचं, वीस-बावीस पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा. माझी शाळा सकाळची, सातला भरायची. पण माझ्या हाताला वेग नव्हता. पोळ्या कसल्या, नकाशेच ते. त्यात भाजी, नंदूची आंघोळ, दादांना नाक्यापर्यंत विसरलेला चष्मा नेऊन देणं. मी शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा आणि पहिला तास नेमका भूमितीचा असायचा. ज्या विषयात माझं डोकं चालायचं, त्याच विषयात मी सहामाहीला नापास झाले. बाईंनी चिठ्ठी पाठवली: मुलगी वेळेवर येणार नसेल तर तिला मॅट्रिकला बसवता येणार नाही. ती चिठ्ठी दादांनी दोनदा वाचली आणि देवाच्या फोटोमागे ठेवली. आमच्याकडे जे प्रश्न सुटत नसत ते देवाच्या फोटोमागे जात.

दादांची थोरली बहीण मनमाडला राहायची. सगळे तिला आक्का म्हणत, मी आणि नंदू आत्या म्हणायचो. यजमान रेल्वेत, त्यामुळे पास होता, आणि पास असल्यामुळे आत्या कधीही यायची. वाईट नव्हती ती. आई पडली तेव्हा आठ दिवस येऊन राहिली, आईची वेणीफणी केली. पण तिचं म्हणणं म्हणजे हुकूम. चिठ्ठीची गोष्ट कळल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "हे बघ दादू, सुमनचा हात काय आता बरा व्हायचा नाय. घर कुणी बघायचं? पोरीचं नाव काढून टाक शाळेतून. मॅट्रिक काय पळून चाललंय का? बसंल पुढं कधी बाहेरून."

दादा म्हणाले, "बघू."

"बघू काय? पोरीबिगर या घराचं पान हालत नाय, हे दिसतंय ना तुला? मी पंधरा दिवसांनी येती. तेव्हा काय ते ठरवून टाकू."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डाव्या हातानं उजवा हात दाबत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. तिला सातवीतून काढलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. हे ती कधी बोलायची नाही, पण माझ्या वह्यांना दर जूनमध्ये कव्हर घालायची ती आईच, आणि त्यावर माझं नाव ती इतकं जपून लिहायची की शाई वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत फिलोमिनामावशी राहायच्या. वसईच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. एकट्याच होत्या, रात्रपाळी फार असायची. त्यांच्याकडून सकाळी असा काही वास यायचा की नंदू त्यांच्या दाराशी जाऊन उगाच पाढे म्हणायचा. एका दुपारी आई त्यांच्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. पुढे मला मावशींनी सांगितलं, आईनं आत जाऊन एवढंच विचारलं होतं, "एका हातानं काय करता येतं, ते मला शिकवा."

मावशी रात्रपाळीला निघताना पीठ कालवून ठेवायच्या आणि सकाळी आल्यावर पाव भाजायच्या. मळायला त्यांना वेळच नसायचा. त्यांनी आईला तेच शिकवलं. तीन वाट्या पीठ, निम्मा मैदा निम्मी कणीक, मीठ, चमचाभर साखर, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेले यीस्टचे दाणे, तेही चिमूटभरच. पाणी घालून पळीनं ढवळायचं. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, पण हातात धरवणार नाही इतकं सैल. वर ओलं फडकं टाकायचं आणि रात्रभर विसरून जायचं. आईला ते पटेना. आमच्याकडे सैल कणीक म्हणजे बाईची लाज. ती म्हणाली, "अहो, मळल्याशिवाय कसं होईल?" मावशी म्हणाल्या, "रात्रभर पडून राहिलं की पीठ आपलं आपण मळून घेतं. तुम्ही झोपा."

मावशींकडे पत्र्याचा ओव्हन होता, आमच्याकडे नव्हता. आईनं नंदूला गंगेवर पाठवून पिशवीभर वाळू आणवली, चाळली, धुतली, वाळवली. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि तिची वाळू चुलीवर चढवायची म्हणून आईनं आधी तिला नमस्कार केला. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. सैल पिठाचे गोळे वळणार कसे, यावर आईनं स्वतःच तोड काढली. स्टीलच्या वाट्यांना तेलाचं बोट फिरवायचं आणि पळीनं पीठ वाटीत सोडायचं. वळायचं काही कामच नाही. वाट्या अर्धा तास झाकून ठेवल्या की पीठ काठापर्यंत यायचं, आणि भाजल्यावर वाटी उलटी केली की पाव टुपकन ताटात पडायचा. पहिला पाव पडला तेव्हा आई हसली. श्रावणानंतर ती पहिल्यांदाच तशी हसली होती. तो पाव आम्ही चौघांनी लसणाच्या चटणीशी वाटून खाल्ला. दादा म्हणाले, "डब्याला द्यायला हरकत नाही." आमच्या घरात ही सुवर्णपदकाएवढी दाद होती.

आईनं मला सांगून ठेवलं, "तू या पातेल्याला हात लावायचा नाही. हे माझं आहे." मी हो म्हटलं. ती काय करू बघतेय ते मला कळत होतं. सकाळच्या पोळ्या गेल्या तर मला सातची शाळा मिळत होती. संध्याकाळी भात आणि दोन-चार पोळ्या, त्या मी शाळेतून आल्यावर करू शकत होते. फक्त आत्याला हे दिसायला हवं होतं, कारण आत्याला दिसलं तरच दादांना दिसणार होतं. आणि आत्या तर पावाला शिवायची नाही. "बेकरीत पायानं तुडवतात पीठ," असं तिचं ठाम मत. कधी जाऊन बघितलं नव्हतं, पण मत ठाम. नंदूनं चहाबरोबर पाव खाल्ला की ती त्याला चूळ भरायला लावायची.

रविवारी संध्याकाळी आत्या आली. नाशिकची थंडी त्या दिवशी एकदम पडली होती. आईनं रात्री पीठ कालवलं, पातेलं बंबाजवळ ठेवलं आणि झोपली. सकाळी आत्याला दाखवायचं, असा तिचा बेत.

मी सवयीनं साडेचारला जागी झाले. फडकं उचलून बघितलं तर पीठ तसंच. सपाट, ओलं, चिकट, कुठेतरी एखादा बुडबुडा. थंडीनं पिठाला उशीर झाला होता, एवढंच. तासभर थांबले असते तर वर आलं असतं. पण मला काय माहीत? मला वाटलं, बिचारी आई, एका हातानं किती ढवळणार? हे नीट कालवलेलंच नाही. आता आत्या उठेल, हे बघेल, आणि माझी शाळा गेली. मी परात घेतली, पीठ ओतलं, दोन ओंजळी कोरडी कणीक घातली आणि दोन्ही मुठींनी मळायला बसले. आई मळायची तशी. परात भिंतीला टेकेपर्यंत. हाताला चिकटेनासं झालं तेव्हा मला केवढा आनंद झाला. गोल गुळगुळीत गोळे वळले, वाट्यांत ठेवले, आणि उशीर नको म्हणून लगेच वाळूच्या पातेल्यात चढवले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत.

परातीचा आवाज ऐकून आई दारात आली तोवर झाकणावर निखारे ठेवून झाले होते. तिनं परात बघितली, माझे पिठाचे हात बघितले. ती ओरडली नाही. मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "एक काम उरलं होतं गं माझ्या हाताला. त्यातही तू हात घातलास."

आईचं ते वाक्य मी आयुष्यभर जवळ बाळगलं आहे. शाळेत एखादी मुलगी फळ्यापुढे अडकली की मला खडू हिसकावून घ्यावासा वाटायचा. अशा वेळी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. मुली म्हणायच्या, बाई फार कडक आहेत. असू दे.

पाव निघाले ते दगड. आत्यानं एक उचलून ताटावर आपटून बघितला. दादांनी एक पाव चहात बुडवला, बराच वेळ बुडवून ठेवला, आणि म्हणाले, "भिजला की लागतो बरा." सबंध संपवला त्यांनी तो. मग मी घाईघाईनं पोळ्या केल्या, दादा धावत बसला गेले, आणि माझी त्या दिवशीची शाळा बुडालीच.

आत्या आईला म्हणाली, "बघितलं ना सुमन? शेवटी पोरीलाच बसावं लागलं मळायला. तू जिवाला लावून घेऊ नको. हात गेला त्यात तुझा काय दोष? आज संध्याकाळच्या गाडीनं जाती मी. दादूला सांगून जाती, उद्याच्या उद्या नाव काढून ये म्हणून."

आई आत्यापुढे कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "आक्का, आजचा दिवस राहा. उद्या सकाळी माझ्या हातचं खा. मग तुम्ही म्हणाल ते."

"पाव? मी नाय खात पाव."

"पायानं मळलेला नाही खात ना तुम्ही? माझा हातानंही मळलेला नसतो."

आत्यानं पिशवीत भरलेलं लुगडं परत बाहेर काढलं.

संध्याकाळी आई पीठ कालवायला बसली तेव्हा आत्या समोर पाट घेऊन बसली. पहारेकरीच जणू. आईनं पातेलं दोन्ही पावलांमध्ये घट्ट धरलं, वाकड्या हाताचं कोपर काठावर टेकवलं आणि डाव्या हातानं पळी फिरवली. आत्याची बोटं मदतीला शिवशिवत होती, हे मला दिसत होतं. ती दोनदा पुढे सरकली आणि दोनदा मागे झाली. या वेळी आईनं बंबात दोन कोळसे जास्त टाकले, पातेलं गोधडीत गुंडाळलं आणि मला म्हणाली, "उद्या मी उठवेपर्यंत उठायचं नाही." सकाळी मी जागी होते, पण हात पाठीखाली दाबून पडून राहिले. अंधारात पळीचा आवाज आला, मग वाट्यांचा, मग चिमट्यानं निखारे ठेवल्याचा. मी मनातल्या मनात देवाला नव्हे, पिठालाच सांगत होते, बाबा रे, फूग.

मग टुपकन आवाज आला. मग दुसरा. मग आईनं मला हाक मारली.

ताटात सात पाव होते, वर तांबूस, बाजूनं वाटीच्या काठाची रेघ. आईनं आत्यापुढे बशीत मटकीची उसळ आणि एक पाव ठेवला. आत्यानं तो मोडला. आत जाळीच जाळी, वाफ निघाली. तिनं वास घेतला, बोटानं दाबला, तो दबून पुन्हा वर आला.

"कुणी मळलं?" आत्यानं विचारलं.

"तुमच्यासमोरच केलंय, आक्का. कुणीच नाही."

आत्यानं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. सगळा पाव संपवला, उसळीच्या बशीला लागलेला रस्सा शेवटच्या तुकड्यानं पुसून खाल्ला. दादा डबा हातात घेऊन उभे होते, बस चुकेल हे विसरून. आत्यानं आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला, ती वाकडी बोटं एक एक करून सरळ करून बघितली, ती पुन्हा मिटली. आत्याचे डोळे भरून आले. म्हणाली, "मनमाडला घिऊन जायला दोन दे बांधून. आमच्या ह्यांना दाखविती." मग दादांकडे वळून, "तू काय बघत उभा राह्यला? बस जाईल तुझी."

तेवढंच. नाव काढण्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही आणि पुढे कधीच बोलली नाही. दादा निघाले. जाताना त्यांनी देवाच्या फोटोमागची चिठ्ठी काढून खिशात घातली. संध्याकाळी मी तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कसली चिठ्ठी?"

मी मात्र स्वयंपाकघरात तशीच उभी होते. इतक्या महिन्यांची सवय. परात भिंतीला उभी केलेली, पोळपाट कोरडा, डबा गेलेला, नंदूचं तोंडसुद्धा आईनं डाव्या हातानं धुतलेलं. मी कणकेचा डबा उघडला, पुन्हा लावला. वाट्या घासायला घ्याव्यात म्हणून वाकले तर आईनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

"तू अजून इथेच?" ती आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुझं इथे काय काम आहे? इथे काही अडलं नाहीये तुझ्यावाचून. जा, शाळा भरेल."

तिनं माझं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलं आणि मला दाराबाहेर काढलं. मी धावत सुटले. धावायची काही गरज नव्हती, पण धावले. शाळेचं फाटकसुद्धा अजून उघडलं नव्हतं. शिपाईकाका किल्ल्या घेऊन येत होते. मला बघून थांबले आणि म्हणाले, "आज सूर्य कुठं उगवला? तू आणि वेळेच्या आधी?"

मला दम लागला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी हसत होते.

"आईनं हाकललं घरातून," मी म्हटलं.